अधिवृक्क ग्रंथींचे विकार : निदान आणि शस्त्रक्रिया

बडोदे शहरातील सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल हे पश्चिम भारतातील जुन्या सार्वजनिक रुग्णालयांपैकी एक होय. संस्थानी अमदानीत, १८८६ साली, काउंटेस ऑफ डफरीन यांच्या नावाने त्याचा पाया घातला गेला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत ते वाढले आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले व बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तेव्हापासून हे रुग्णालय अध्यापन रुग्णालय बनले. शहरातील गुजराती व मराठी कुटुंबांप्रमाणेच मध्य गुजरातेतील खेडी, पूर्वेकडील आदिवासी तालुके व मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचा प्रदेश येथूनही रुग्ण तेथे येतात.

१९४९ हे वर्ष आणखी एका कारणाने वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी त्या वर्षी कॉर्टिझोन या औषधाच्या उपयोगाची माहिती जगापुढे मांडली. शरीरातील ज्या लहानशा ग्रंथींच्या अभ्यासातून हे औषध हाती आले, त्या अधिवृक्क ग्रंथी. त्यांचे विकार संख्येने फार नाहीत. परंतु वेळीच ओळखले न गेल्यास ते जिवावर बेततात आणि वेळीच ओळखले गेल्यास त्यांतील अनेक पूर्णपणे बरे होतात. म्हणूनच या विकारांची सामान्य माहिती खेड्यातील शिक्षक, आरोग्यसेवक व ग्रामस्थ यांनाही असणे इष्ट आहे.

ग्रंथींची रचना व कार्य

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. प्रौढ माणसात प्रत्येक ग्रंथीचे वजन अवघे चार ते पाच ग्रॅम भरते. या ग्रंथींना नळी नसते. त्यांत तयार होणारी रसायने सरळ रक्तात मिसळतात. अशा रसायनांना संप्रेरके म्हणतात.

प्रत्येक ग्रंथीचे दोन भाग असतात. बाहेरील पिवळसर भागास बाह्यक व आतील तपकिरी भागास मध्यक म्हणतात. बाह्यकात प्रामुख्याने तीन प्रकारची संप्रेरके तयार होतात. अल्डोस्टेरोन हे शरीरातील मीठ व पाणी राखून ठेवते व पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. कॉर्टिसॉल हे रक्तातील साखर व रक्तदाब सांभाळते आणि आजार, जखम, उपवास अशा संकटकाळी शरीराला तग धरण्याचे बळ देते. तिसऱ्या प्रकारची संप्रेरके पुरुषत्वदर्शक असतात व ती स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. मध्यकात ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन ही संप्रेरके तयार होतात. अचानक साप दिसला असता छाती धडधडते, अंगाला घाम सुटतो, तो यांच्याच प्रभावाने.

कॉर्टिसॉलचे उत्पादन मनमानी होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी त्यावर हुकमत चालवते. रक्तातील कॉर्टिसॉल कमी झाले की पोष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला आज्ञा देणारे संप्रेरक सोडते. ते वाढले की आज्ञा थांबते. कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक व मध्यरात्री सर्वांत कमी असते. रोगनिदानाच्या बऱ्याच चाचण्या या नियमावरच आधारलेल्या आहेत.

शोधाचा इतिहास

इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाची याने १५६३ साली या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र त्यांचा उपयोग काय, हे त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे कोणास उमगले नाही. १८५५ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी अकरा रुग्णांची हकीकत छापली. हे रुग्ण दिवसेंदिवस अशक्त होत गेले, त्यांची त्वचा काळवंडली आणि अखेरीस ते दगावले. शवविच्छेदनात त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त झालेल्या आढळल्या व त्यांतील अनेकांत कारण क्षयरोग हे होते. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांनी या ग्रंथींवाचून जीव जगत नाही, असे दाखवून दिले.

जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ॲड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवले. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू व अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी मध्यकाच्या गाठी शस्त्रक्रियेने काढून रुग्ण वाचवले. पोट उघडेपर्यंत मेयो यांना गाठीचा नेमका प्रकार ठाऊक नव्हता. आज तसे होऊ दिले जात नाही. गाठीचा प्रकार ओळखल्यावाचून शस्त्रक्रियेला हात घालू नये, हा आता पहिला नियम झाला आहे. बाह्यकातील संप्रेरकांच्या शोधाबद्दल केंडाल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्राव कमी पडणे : ॲडिसनचा रोग

ग्रंथींचा नाश होऊन संप्रेरके कमी पडू लागली की ॲडिसनचा रोग होतो. पाश्चात्त्य देशांत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटणे हे याचे प्रमुख कारण आहे. भारतात त्याजोडीला क्षयरोग हे अद्यापही महत्त्वाचे कारण आहे. काही बुरशीजन्य रोगांतही दोन्ही ग्रंथी सुजतात व निकामी होतात.

रोग सावकाश वाढतो. थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, ओकाऱ्या, खारट खाण्याची अनावर इच्छा ही त्याची लक्षणे होत. हाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या, गालाचा आतील भाग व जुने व्रण काळे पडतात. सावळ्या वर्णाच्या माणसात हा बदल सहज लक्षात येत नाही. उन्हात काम केल्याने रापला, असे घरचे लोक समजतात. म्हणून तोंडाच्या आतील काळेपणा पाहणे महत्त्वाचे ठरते, कारण तेथे ऊन पोहोचत नाही.

अशा रुग्णास ताप, जुलाब, अपघात वा बाळंतपण यांसारखा ताण पडला, तर रक्तदाब एकाएकी कोसळतो व काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. त्या वेळी हायड्रोकॉर्टिझोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन व शिरेतून मिठाचे पाणी दिल्याने प्राण वाचतो. रक्ताचा नमुना आधी घ्यावा. पण अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. एरवी या रोगावर शस्त्रक्रिया नाही. हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या रोज दोन-तीन वेळा विभागून, आणि बहुधा मीठ राखणारी दुसरी गोळी, आयुष्यभर घ्यावी लागते. ताप आल्यास डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते.

क्षयरोगाच्या रुग्णांबाबत एक बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधाने शरीरातील कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडते. ज्याच्या ग्रंथी आधीच दुबळ्या आहेत, असा रुग्ण क्षयाचे औषध सुरू केल्यावर सुधारण्याऐवजी अधिक खंगू लागला, ओकाऱ्या व चक्कर वाढली, तर औषध मानवत नाही असे म्हणून ते बंद करणे योग्य नव्हे. ग्रंथींची तपासणी करून हायड्रोकॉर्टिझोनची मात्रा ठरवून घेणे हाच त्यावरील मार्ग होय.

स्राव वाढणे : तीन प्रकारचे विकार

ग्रंथीत गाठ झाल्यास काही वेळा स्राव वाढतो. कोणते संप्रेरक वाढले त्यानुसार रोगाचे रूप बदलते.

पहिला प्रकार कुशिंगचा रोगसमूह. यात कॉर्टिसॉल वाढते. चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, साध्या धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग पडतात, हाडे ठिसूळ होतात, मधुमेह व रक्तदाब जडतो. दोष अधिवृक्क ग्रंथीत, पोष ग्रंथीत किंवा अन्यत्रही असू शकतो. मात्र या स्वरूपाचे सर्वांत जास्त रुग्ण गाठीमुळे नव्हे, तर औषधांमुळे तयार होतात. सांधेदुखी, दमा वा त्वचारोग यांवर स्टेरॉइड गोळ्या, मलमे किंवा नाव नसलेल्या पुड्या महिनोन् महिने घेतल्या की चेहरा असाच सुजतो आणि स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. अशा माणसाने गोळ्या एकदम बंद केल्यास ॲडिसनच्या रोगाप्रमाणेच तो कोसळतो. गोळी सुरू करणे व बंद करणे ही दोन्ही कामे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावीत.

दुसरा प्रकार कॉनचा रोग. अमेरिकन वैद्य जेरोम कॉन यांनी १९५५ साली त्याचे वर्णन केले. यात अल्डोस्टेरोन वाढून रक्तदाब चढतो व काही रुग्णांत पोटॅशियम घटून स्नायू दुबळे होतात. हा रोग पूर्वी दुर्मिळ मानला जाई. परंतु रक्तदाबाच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना तो असतो, असे आता मानले जाते. तीन औषधांनीही उतरत नसलेला रक्तदाब, किंवा तरुण वयातील रक्तदाब, यांमागे तो दडलेला असू शकतो.

तिसरा प्रकार फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे मध्यकाची गाठ. ती विरळा आहे, पण सर्वांत धोक्याची. डोके ठणकणे, दरदरून घाम येणे व छाती धडधडणे, हे तिन्ही एकदम झटक्याने येतात आणि काही मिनिटांनी ओसरतात. अशा रुग्णास पुष्कळदा भीतीचा झटका येतो असे समजले जाते. खेड्यात त्यास बाहेरची बाधाही मानतात आणि अंगारा-धुपाऱ्यात मोलाचा काळ निघून जातो. झटका चालू असताना रक्तदाब मोजला, तर निदानाची दिशा तत्काळ मिळते. या गाठींपैकी बऱ्याच आनुवंशिक असतात. म्हणून रुग्णाच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते.

निदानाच्या पायऱ्या

या विकारांत निदानाचा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे. प्रथम लक्षणे व तपासणी, नंतर रक्त-लघवीची चाचणी आणि त्यानंतरच चित्रण, असा तो क्रम होय. आधी चित्र काढून मग रोग शोधू लागल्यास फसगत होते. कारण अन्य कारणासाठी पोटाचा सीटी स्कॅन केला असता प्रौढांपैकी शेकडा काही जणांत अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसते. त्यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात व त्यांना हात लावण्याचे कारण नसते.

कुशिंगचा संशय असल्यास रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसात ते १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा खाली जाते. न गेल्यास पुढील चाचण्या होतात. कॉनच्या रोगासाठी अल्डोस्टेरोन व रेनिन यांचे परस्परप्रमाण पाहतात. फिओक्रोमोसायटोमासाठी रक्तातील किंवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन मोजतात. लघवी जमा करताना एकही वेळ चुकल्यास अहवाल खोटा ठरतो. म्हणून ही कृती रुग्णास त्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा समजावून देणे हे परिचारिकेचे महत्त्वाचे काम आहे. ॲडिसनच्या रोगात सकाळचे कॉर्टिसॉल व उत्तेजन चाचणी उपयोगी पडते.

सीटी स्कॅनवर गाठीचा आकार व घनता दिसते. चार सेंटिमीटरहून लहान, चरबीयुक्त व संप्रेरक न स्रवणारी गाठ सहसा निर्धास्त मानतात. कॉनच्या रोगात मात्र चित्रावर विसंबून चालत नाही. एका बाजूस गाठ दिसावी आणि स्राव दुसऱ्या बाजूने यावा, असेही घडते. यासाठी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून बारीक नळीने रक्त घेऊन तुलना करतात. स्राव एकाच बाजूने असेल तर शस्त्रक्रिया, दोन्ही बाजूंनी असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे, असा निर्णय होतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. फिओक्रोमोसायटोमा नाही अशी खात्री झाल्यावाचून अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत सुई घालून तुकडा काढू नये. तसे केल्यास संप्रेरकांचा लोंढा रक्तात येऊन रुग्ण दगावू शकतो.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी

मध्यकाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत पूर्वतयारीचे महत्त्व शस्त्रक्रियेइतकेच आहे. साधारण दहा ते चौदा दिवस आधीपासून रुग्णास रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे देतात. फिनॉक्सिबेन्झामिन व प्राझोसिन ही त्यांतील नावे. त्याबरोबर मीठ व पाणी भरपूर दिले जाते. छातीची धडधड कमी करणारी औषधे यानंतरच सुरू करतात. हा क्रम उलटल्यास रक्तदाब भयानक चढतो. रक्तदाबाच्या रुग्णास एरवी मीठ वर्ज्य सांगितले जाते. त्यामुळे येथे मीठ खा असे सांगितल्यास घरचे लोक गोंधळतात व पथ्य मोडते. त्याचे कारण नातेवाइकांना स्पष्ट करून सांगावे लागते.

कॉनच्या रोगात आधी पोटॅशियम भरून काढतात. कुशिंगच्या रुग्णात साखर व रक्तदाब आटोक्यात आणतात. त्याची जखम सावकाश भरते व त्यास जंतुसंसर्ग लवकर होतो, याचीही दक्षता घेतात.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

पूर्वी पोटावर किंवा कुशीवर मोठा छेद घेऊन, प्रसंगी बरगडीचा तुकडा काढून, ग्रंथीपर्यंत पोहोचावे लागे. १९९२ साली कॅनडातील शल्यविशारद मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीद्वारे अधिवृक्क ग्रंथी काढल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ही पद्धती जगभर रूढ झाली. रुग्णास कुशीवर निजवून तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात. पाठीच्या बाजूने, पोटाची पोकळी न उघडताही ही शस्त्रक्रिया करता येते. वेदना कमी होतात आणि बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातात. गाठ फार मोठी असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर मात्र उघडी शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरते. कारण अशी गाठ आवरणासह, न फुटता, संपूर्ण निघाली पाहिजे.

शल्यविशारदाची खरी कसोटी शिरा बांधताना लागते. डावीकडील ग्रंथीची शीर मूत्रपिंडाच्या शिरेस मिळते. उजवीकडील शीर मात्र अगदी आखूड असते व सरळ शरीरातील मोठ्या महाशिरेस जाऊन मिळते. ती फाटल्यास क्षणार्धात मोठा रक्तस्राव होतो. फिओक्रोमोसायटोमात गाठ हाताळताना रक्तदाब उसळतो आणि शीर बांधताच तो कोसळतो. दोन्ही प्रसंग सांभाळण्यासाठी अनुभवी भूलतज्ज्ञ लागतो. म्हणूनच ही शस्त्रक्रिया संप्रेरकतज्ज्ञ, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभाग एका ठिकाणी असलेल्या रुग्णालयातच करावी.

शस्त्रक्रियेनंतर

एक ग्रंथी काढली तरी दुसरी शरीराची गरज भागवते. कुशिंगच्या रुग्णात मात्र दुसरी ग्रंथी झोपलेली असते. ती जागी होईपर्यंत कित्येक महिने हायड्रोकॉर्टिझोन द्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडणे प्राणघातक ठरू शकते. दोन्ही ग्रंथी काढल्या असल्यास औषध जन्मभर घ्यावे लागते. अशा व्यक्तीने, तसेच ॲडिसनच्या प्रत्येक रुग्णाने, आपला आजार, औषध व मात्रा मातृभाषेत व इंग्रजीत लिहिलेला कागद सदैव जवळ बाळगावा. मध्यकाची गाठ पुष्कळ वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते. म्हणून दरवर्षी तपासणी आवश्यक आहे.

नवजात बालके

काही बालके जन्मतःच अधिवृक्क ग्रंथीतील एका विकराच्या अभावी आजारी असतात. कॉर्टिसॉल तयार न झाल्याने पुरुषत्वदर्शक संप्रेरके वाढतात. मुलीची बाह्य जननेंद्रिये मुलासारखी दिसतात. मुलगा वरवर निरोगी दिसतो. जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत ओकाऱ्या सुरू होऊन शरीरातील मीठ घटते व बाळ दगावू शकते. अशा बाळाचे लिंग अस्पष्ट वाटल्यास ते लपवू नये किंवा घाईने ठरवूही नये. बाळास जिल्हा रुग्णालयात नेऊन रक्ततपासणी करावी. औषधांनी ही बालके वाढतात व शिकतात. मातेस दोष देणे सर्वथा अनुचित होय.

गावपातळीवरील कर्तव्ये

या विकारांचे अंतिम निदान मोठ्या रुग्णालयात होते. परंतु पहिला संशय गावातच यावयास हवा. त्यासाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

१. चाळिशीच्या आत रक्तदाब आढळल्यास, किंवा तीन औषधांनीही तो उतरत नसल्यास, रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे.

२. डोकेदुखी, घाम व धडधड यांचे झटके येणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब झटक्याच्या वेळी मोजून कागदावर नोंदवावा.

३. क्षयरोगाच्या रुग्णाचा थकवा उपचारानंतरही वाढत असल्यास त्याच्या हिरड्या व गालाची आतील बाजू पाहावी आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो काय, हे तपासावे.

४. नाव नसलेल्या पुड्या व गोळ्या घेणाऱ्यांची माहिती आरोग्यसेविकेने वैद्यकीय अधिकाऱ्यास द्यावी. त्या एकाएकी बंद करावयास सांगू नये.

५. शिक्षकांनी एकाएकी स्थूल झालेल्या व त्याच वेळी उंची खुंटलेल्या विद्यार्थ्याची चेष्टा होऊ न देता पालकांना तपासणीचा सल्ला द्यावा.

६. खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळू नये. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना व महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांखाली संबंधित शस्त्रक्रिया बसते किंवा कसे, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उघडण्याचे काम सुरू झाले. रुग्णालय शहरात असले तरी ज्ञान खेड्यात पोहोचले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. चार-पाच ग्रॅम वजनाच्या या ग्रंथींच्या बाबतीत तो आजही तितकाच लागू पडतो. शल्यविशारदाचे कौशल्य रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचल्यावरच कामी येते. आणि त्यास तेथवर पोहोचवणे हे गावातील जाणत्या माणसांच्या हाती आहे.